नागपूरचा विमानतळ देशाच्या मध्यावर, तरी मागे का?

प्रश्न असा आहे: नागपूरचा विमानतळ शंभर वर्षांहून जुना, देशाच्या मधोमध, धावपट्टी पुण्यापेक्षा लांब, आणि दिवसरात्र उघडा. तरी पुण्याने वर्षाला एक कोटी प्रवाशांचा टप्पा ओलांडला आणि नागपूर तीस लाखांच्या आसपास घुटमळतंय. असं का? आणि आता विमानतळ खासगी कंपनीकडे गेल्यावर काही बदलेल का?

माझी नोकरी हवाई वाहतूक नियंत्रणात गेली. त्यातली बरीच वर्षं सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या, टॉवरवर आणि वरून जाणाऱ्या विमानांना वाट दाखवणाऱ्या एरिया कंट्रोलमध्ये काढली. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, आणि पुणेकरांपेक्षा नागपूरकरांनाच जास्त टोचेल. थोडक्यात सांगायचं तर नागपूर वाटेत आहे, आणि वाटेत असण्याचा फायदा विमानं सावकाश उडायची तोवरच होता. आपण मात्र अजून त्याच फायद्याच्या भरवशावर बसलो आहोत.

आधी त्या 'मधोमध'चं बघू. देशाचा मध्य म्हणून दाखवला जाणारा नागपुरातला झिरो माइलचा दगड १९०७ सालचा, ब्रिटिशांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला. त्याच्यावर जो आकडा कोरलाय तो उंचीचा आहे, समुद्रसपाटीपासून १०२० फुटांचा. म्हणजे तो मुळात उंची मोजायचा खुणेचा दगड. विमानतळाची उंची १०३३ फूट, आणि आम्हा टॉवरवाल्यांना रोज तीच लागायची. मध्यबिंदूचा दाखला म्हणून तो दगड दाखवला जातो तेव्हा मला गंमत वाटते. पण मध्य तिथेच असो की चार-पाच कोस इकडेतिकडे, नागपूरहून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही गावांचं हवाई अंतर साधारण सातशे ते हजार किलोमीटरच्या दरम्यान आहे, हे खरं. रेल्वेनेही हेच हेरलं होतं. मुंबई-हावडा आणि दिल्ली-मद्रास हे दोन्ही मार्ग इथेच एकमेकांना छेदतात.

विमानतळाची सुरुवात १९१७-१८ची, पहिल्या महायुद्धाच्या शेवटाची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने इथे इमारती वाढवल्या. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना मधला टप्पा हवा होता. ते गेले आणि तळ आपल्या सरकारकडे आला. म्हणजे सुरुवातीपासून या विमानतळाचं काम एकच होतं, दुसरीकडे जाणाऱ्याला इथे टेकू देणं. नागपूरच्या माणसाला कुठे जायचंय म्हणून तो बांधलाच नव्हता. मला वाटतं पुढच्या सगळ्या इतिहासाची मेख इथेच आहे.

आणि या टेकूचा सोन्याचा काळ म्हणजे रात्रीची हवाई डाक.

३० जानेवारी १९४९ला ती सुरू झाली. त्या वेळी रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री होते. कल्पना साधी होती, पण साधी कल्पना सुचायलाच डोकं लागतं. रात्री चार महानगरांतून एकेक डाकोटा विमान निघायचं, पोटात त्या शहराने दिवसभर टाकलेली पत्रं. चारही विमानं मध्यरात्रीनंतर सोनेगावला उतरायची. इथे पिशव्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईच्या विमानातल्या दिल्लीच्या पिशव्या इकडे, मद्रासच्या तिकडे, कलकत्त्याच्या पलीकडे. मग विमानं पुन्हा उडायची आणि पहाटेपर्यंत चारही शहरांत बाकीच्या तीन शहरांची पत्रं पोचलेली असायची. १ एप्रिल १९४९पासून तर साधं पत्रसुद्धा जादा पैसे न लावता विमानाने नेण्याचा निर्णय लागू झाला. कलकत्त्याला संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत! आज कुरिअरवाला यासाठी पावती फाडतो, तेव्हा तिकिटाच्या किमतीत व्हायचं.

हिशेब मांडून पाहा, म्हणजे यातली हुशारी लक्षात येईल. चार शहरं एकमेकांना थेट जोडायची तर सहा जोड्या होतात. जाऊन-येऊन बारा उड्डाणं, तीही लांबलांबची. मधे एक गाठीची जागा धरली की चार विमानांत भागतं. चार येणारी, चार जाणारी, आठ छोटी उड्डाणं. डाकोटा ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरने जायचं. मुंबई-कलकत्ता थेट जायला सहा तासांच्या वर लागले असते आणि तेवढं पेट्रोल घेतलं की ओझं कमी न्यावं लागलं असतं. नागपूरपर्यंत तीन-चार तास. वैमानिकालाही झेपेल, इंजिनालाही. शिवाय नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी हवा इतकी विरळ होते की विमानाला उडायला जास्त धावावं लागतं. रात्री तो त्रासही कमी.

मी नोकरीला लागलो तेव्हा डाक बंद होऊन दहाएक वर्षं झाली होती, पण ती पाहिलेली माणसं अजून कामावर होती. एक जुने कम्युनिकेशनवाले सांगायचे की त्यांचा दिवसच मुळी मध्यरात्री उजाडायचा. एक विमान उशिरा आलं की चारही अडकायची, कारण पिशव्या पूर्ण झाल्याशिवाय कोणी हलत नसे. म्हणून दिल्लीत धुकं पडलं की मद्रासची पत्रं नागपुरात जागी. पावसाळ्यात तर मेटवाल्यांच्या, म्हणजे हवामान सांगणाऱ्यांच्या, टेबलाभोवती वैमानिकांची गर्दी. डाकोटात हवेचा दाब राखायची सोय नाही, म्हणून ढगांच्या वरून जाता येत नाही. रडार नाही, खाली अंधार. या विमानांतून थोडे प्रवासीही जायचे. मध्यरात्री नागपुरात उतरून चहा घ्यायचा आणि दुसऱ्या विमानात बसायचं.

हे सगळं ऐकायला रम्य वाटतं, पण त्याची किंमत मोजावी लागली. १२ डिसेंबर १९५३ला असंच एक डाकोटा नागपूरहून उडाल्या उडाल्या कोसळलं. विमानात १४ जण होते, त्यांतले १३ गेले. त्याच वर्षी देशांतर्गत विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स झाली होती आणि डाकही तिच्याकडे आली होती.

१९७३ साली डाक बंद झाली. तोवर जेट विमानं आली होती. १९६४पासून कॅरावेल, सत्तरच्या सुरुवातीला बोइंग ७३७. मुंबईहून कलकत्त्याला अडीच तासांत जाणारं विमान नागपूरला थांबून तास घालवेल कशाला? आणि शहरांमधल्या दिवसाच्या विमानफेऱ्या इतक्या वाढल्या होत्या की पिशव्या त्यांच्याच पोटात जात होत्या.

आता एक योगायोग सांगतो. मी तो दर वेळी सांगतो आणि घरचे कंटाळतात. ज्या १९७३ साली नागपूरची गाठ सुटली, त्याच वर्षी १७ एप्रिलला अमेरिकेत मेंफिस नावाच्या शहरात फेडेक्स या कुरिअर कंपनीने पहिली रात्र काढली. १४ छोटी विमानं, २५ शहरं, १८६ पाकिटं. पद्धत तीच! रात्री सगळी विमानं मधल्या एका गावात आणायची, अदलाबदल करायची, पहाटे परत पाठवायची. आज मेंफिस जगातल्या सर्वांत मोठ्या मालवाहू विमानतळांपैकी एक आहे. फेडेक्सची ती पहिली विमानं दासो कंपनीची फाल्कन होती, आणि दासोच्या फाल्कनचे सुटे भाग आता आपल्या मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाला लागून असलेल्या उद्योगक्षेत्रात, बनतात. असो.

फरक कुठे पडला? मेंफिसमध्ये मधे बसलेली एक कंपनी होती. विमानं तिची, माल तिचा, सॉर्टिंग तिचं. म्हणून विमानं मोठी झाली तरी ती गाठ तिथेच राहिली. आपल्याकडे डाक टपाल खात्याची, विमानं एअरलाइन्सची, विमानतळ तिसऱ्याचा. ज्याच्या त्याच्या सोयीने गाठ बांधली गेली आणि सोय संपल्यावर सुटली. नागपूरला त्यात स्वतःचं असं काही नव्हतंच, एका भौगोलिक स्थानाशिवाय.

दरम्यान शहराचंही एक मोठं नुकसान झालं होतं. १९५६पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. राज्य पुनर्रचनेत राजधानी भोपाळला गेली आणि आपण मुंबईच्या राज्यात आलो. राजधानी गेली की विमानाचं पक्कं गिऱ्हाईक जातं. मंत्री, सचिव, वकील, कंत्राटदार, कामं घेऊन येणारे, सगळेच. उरलं ते हिवाळी अधिवेशन. डिसेंबरात दोन-तीन आठवडे एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या फरशीवर, सरकारी आणि चार्टर विमानांना जागा पुरायची नाही आणि जानेवारीत पुन्हा शुकशुकाट. सत्तर-ऐंशीच्या दशकांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मुंबई आणि दिल्लीच्या फेऱ्या, बाकी वारा.

पण आकाशात मात्र गर्दी होती. आखातातून आणि युरोपातून आग्नेय आशियाकडे जाणारी विमानं नागपूरच्या डोक्यावरून जातात. आमच्या पुढ्यात रात्रभर स्ट्रिपा, म्हणजे एकेका विमानाची नोंद असलेल्या कागदी पट्ट्या, लागलेल्या असायच्या आणि खाली धावपट्टीवर कुत्रंसुद्धा नसायचं. लोकांना वाटतं एवढी विमानं वरून जातात तर शहराला काहीतरी मिळत असेल. त्या वाटेचं शुल्क विमानतळ प्राधिकरणाकडे जातं, गावाला छदाम नाही. वरच्यांना नागपूर आठवतं ते अडचणीत. ऑगस्ट २०२१मध्ये मस्कतहून ढाक्याला जाणाऱ्या बिमान बांगलादेशच्या विमानात कॅप्टनला हृदयविकाराचा झटका आला. सहवैमानिकाने विमान नागपूरला उतरवलं. सव्वाशेच्या आसपास प्रवासी सुखरूप होते, कॅप्टन मात्र काही दिवसांनी इथल्याच इस्पितळात गेले. लांब धावपट्टी, चोवीस तास टॉवर, जवळ मोठी इस्पितळं. अशा वेळी मधोमध असणं किती मोलाचं ते कळतं. पण एकाच्या आजारपणावर विमानतळ चालत नाही.

मग आलं मिहान. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी झाली आणि नागपुरात जो तो 'कार्गो हब'बद्दल बोलू लागला. पानठेल्यावरसुद्धा. विचार तोच जुना: देशाच्या मध्यावर आहोत, जगाच्या वाटेवर आहोत, माल इथे उतरेल, इथून वाटला जाईल. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या जमिनी गेल्या. ४००० मीटरची दुसरी धावपट्टी आखली गेली. २००५मध्ये विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं, आणि दीक्षाभूमीच्या गावाला ते शोभतंच. २००८च्या आंबेडकर जयंतीला नवं टर्मिनल उघडलं. २००९मध्ये विमानतळ मिहान इंडिया या संयुक्त कंपनीकडे गेला, ज्यात राज्याच्या कंपनीचे ५१ टक्के आणि विमानतळ प्राधिकरणाचे ४९.

कार्गो हब काही झालं नाही. का, ते मी माझ्या चष्म्यातून सांगतो. विमानाने जाणारा माल हलका, महाग आणि घाईचा असावा लागतो. औषधं, मोबाइल, फुलं, दागिने, कोळंबी. विदर्भात काय पिकतं? संत्री, कापूस, सोयाबीन. आपली संत्री बांगलादेशला जातात ती ट्रकने आणि रेल्वेने, कारण जड आणि स्वस्त वस्तूला विमानाचं भाडं परवडत नाही. स्वतःचा माल नसला की दुसऱ्याचा माल इथे उतरवून पुन्हा चढवायचा. त्यासाठी त्याला थांबायची गरज हवी. मुंबई-दिल्लीच्या प्रवासी विमानांच्या पोटातच तो थेट जात असताना नागपूरला तो दोनदा हाताळायचा कोणी? आम्ही खोलीत बसून हे बोलायचो. बाहेर बोललो असतो तर विदर्भद्वेष्टे ठरलो असतो.

मिहानमध्ये जे खरंच उभं राहिलं ते बघा. बोइंगने एअर इंडियासाठी बांधलेलं विमान देखभाल केंद्र, २०१५पासून. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल. दासोचे सुटे भाग. एम्स. यातलं काहीही नागपूर 'मध्यावर' आहे म्हणून आलं नाही. जमीन मिळाली, माणसं मिळाली, जगायला स्वस्त शहर मिळालं म्हणून आलं. आणि विमानात बसणारा माणूस यांच्यातूनच येतो. इंजिनियर, ऑडिटर, मुलाखतीला येणारी पोरं, बंगळूर-पुण्यात नोकरी करून दिवाळीला घरी येणारी लेकरं.

म्हणून पुण्याचं उदाहरण मला फार शिकवून जातं. पुण्याचा विमानतळ म्हणजे लोहगाव, त्याची धावपट्टी २५३५ मीटरची, आपली ३२०० मीटरची. लोहगाव हवाई दलाचा तळ, लढाऊ विमानांच्या सरावातून उरलेल्या वेळात नागरी विमानं. ऑक्टोबर २०२१मध्ये धावपट्टीच्या कामासाठी चौदा दिवस विमानतळ सरळ बंद ठेवला होता. पुरंदरच्या नव्या विमानतळाचा घोळ २०१६पासून चाललाय. म्हणजे नियंत्रकाच्या नजरेने पाहिलं तर नागपूर सगळ्या बाबतीत सरस. तरी पुण्याचे प्रवासी आपल्या तिपटीहून जास्त. कारण चाकण-हिंजवडीतून लोक उडतात. भूगोल आणि धावपट्टी दोन्ही पुण्याच्या विरोधात, गिऱ्हाईक मात्र बाजूने.

नागपूर वाढलंच नाही असं मात्र म्हणू नका. २००५-०६नंतर स्वस्त विमान कंपन्या आल्या आणि चित्र पालटलं. सकाळी टॉवरवर एकापाठोपाठ एक क्लिअरन्स द्यावा लागू लागला तेव्हा आम्ही जुने लोक एकमेकांकडे बघून हसायचो. शारजा, दोहा सुरू झालं. इंधनावरचा राज्याचा कर मुंबई-पुण्यात २५ टक्के होता (२०२३मध्ये १८ केला), नागपूरसारख्या ठिकाणी तो पुष्कळ कमी, त्यामुळे कंपन्या इथे टाकी भरून घ्यायला राजी असतात. ही वाढ आपल्या लोकांच्या खिशातून आलेली आहे. आता समृद्धी महामार्ग पुरता खुला झाला म्हणून मुंबईचं विमान रिकामं पडेल, असं काही जण म्हणतात. मला नाही वाटत. आठ तास गाडी चालवणारा वेगळा आणि दीड तासात पोचून संध्याकाळी परतणारा वेगळा.

खासगीकरणाचं विचाराल तर त्यात सहा वर्षं गेली. निविदेत जीएमआर कंपनीने महसुलातला ५.७६ टक्के हिस्सा देऊ केला, वाटाघाटीत तो १४.४९ टक्क्यांवर गेला. मार्च २०१९मध्ये कंपनीला काम दिल्याचं पत्र मिळालं, मार्च २०२०मध्ये सरकारने प्रक्रियाच रद्द केली. कंपनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली आणि ऑगस्ट २०२१मध्ये जिंकली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये तोच निकाल कायम ठेवला, तरी शेवटची याचिका निकाली निघायला सप्टेंबर २०२४ उजाडला. ऑक्टोबर २०२४मध्ये करार झाला आणि सुमारे ७,००० कोटींच्या विस्ताराची पायाभरणी झाली. कोण बरोबर, कोण चूक हे न्यायालयांनी सांगितलंय. मला एवढंच दिसतं की २००८चं टर्मिनल या काळात रोज सकाळी गच्च भरत होतं आणि कुणीच भिंत पुढे सरकवू शकत नव्हतं.

आता काय बदलेल? टर्मिनल मोठं होईल, विमानं उभी करायला जागा वाढेल. ते हवंच आहे. दुसऱ्या धावपट्टीबद्दल मात्र मी तुम्हाला निराश करणार. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. त्या एकीवर मुंबई दिवसाला नऊशेच्या वर विमानं आणि वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी काढते. तीस लाखांच्या नागपूरला धावपट्टी कमी पडत नाही. जागा राखून ठेवा, जरूर. पण ती झाली की हब होईल, असं समजून हारतुरे आणू नका.

कंपनी कामाची आहे की नाही ते मी एकाच गोष्टीवरून ओळखीन: रात्री किती विमानं नागपुरात मुक्कामाला राहतात. ज्या शहरात विमान झोपतं, तिथून पहाटेची पहिली फेरी निघते. नागपूरचा माणूस सहाला निघतो, दहाच्या मीटिंगला मुंबईत किंवा दिल्लीत बसतो आणि रात्री घरी जेवतो. विमान दुसऱ्या शहराचं असलं की त्याची सोय आधी, आपल्या वाट्याला भरदुपारची वेळ. पण मुक्कामासाठी उभं राहायला जागा लागते, रात्रीचे तंत्रज्ञ लागतात, क्रूला हॉटेल लागतं आणि मुख्य म्हणजे सकाळी सहाला भरणाऱ्या दीडशे-पावणेदोनशे खुर्च्या लागतात. कधी पहाटे चारला वर्धा रोडवरून जाणं झालं तर एप्रनकडे नजर टाका आणि उभ्या विमानांच्या शेपट्या मोजा.